कॅश, चिट, चॉप आणि चेक : चार शब्दांची कुळकथा

तंजावर शहराच्या उत्तरेस सुमारे 13 किलोमीटर अंतरावर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारु हे लहानसे तीर्थक्षेत्र वसले आहे. ‘तिरु’ म्हणजे श्री, ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी; पाच नद्यांचे हे पवित्र गाव. कर्नाटक संगीतातील थोर वाग्गेयकार संत त्यागराज (1767-1847) यांचे आयुष्य येथेच व्यतीत झाले आणि त्यांची समाधीही येथेच आहे. या समाधीवरील मंदिर बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने 1920 च्या दशकात स्वतःच्या कमाईतून उभारले. दरवर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक तेथे एकत्र बसून त्यागराजांच्या पंचरत्न कृती एका सुरात गातात.

त्यागराजांच्या काळी तंजावरच्या गादीवर भोसले घराणे होते. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात स्थापन केलेली ही मराठी सत्ता 1855 पर्यंत टिकली. परंपरा सांगते की, सरफोजी महाराजांनी (कारकीर्द 1798-1832) त्यागराजांना दरबारात सन्मानाने पाचारण केले, धन देऊ केले आणि त्यागराजांनी ते विनयाने नाकारले. ‘निधि चाल सुखमा’ ही कल्याणी रागातील त्यांची प्रसिद्ध कृती या प्रसंगाशी जोडली जाते. धनात अधिक सुख आहे की रामाजवळच्या सेवेत, असा प्रश्न त्यागराज तीत स्वतःच्या मनाला विचारतात. तेलुगू भाषेतील या कृतीचे मर्म दोन शब्दांत साठवलेले आहे : ‘निधि’ आणि ‘सन्निधि’. अक्षरे जवळजवळ तीच. परंतु एकाचा अर्थ संपत्ती, तर दुसऱ्याचा सान्निध्य. कानाला सख्खी भावंडे वाटणारे हे दोन शब्द माणसाला दोन वेगळ्या वाटांनी नेतात.

सारख्या अक्षरांमागे वेगळे अर्थ दडलेले असणे, हा अनुभव काव्यापुरता मर्यादित नाही. बँकेच्या काउंटरवर रोज उच्चारल्या जाणाऱ्या आखूड इंग्रजी शब्दांतही तो पदोपदी येतो. कॅश, चिट, चॉप आणि चेक हे चार शब्द पाहावेत. चौघांच्याही इंग्रजी लेखनात ‘सी’ आणि ‘एच’ ही दोन अक्षरे आहेत. पहिले तीन तर अवघ्या चार अक्षरांचे. प्रत्येकाच्या आड त्याच रूपाचा, पण निराळ्या कुळातला दुसरा एक शब्द उभा आहे आणि त्यांपैकी काहींची मुळे इंग्लंडपेक्षा कावेरीच्या खोऱ्याला अन् मराठी मुलखाला अधिक जवळची आहेत. ही कुळकथा मनोरंजक तर आहेच, पण पैशाच्या व्यवहारात ती उपयोगीही आहे. कारण या शब्दांपैकी एकाचा अर्थ न विचारल्यामुळे आपल्या देशात असंख्य कुटुंबांची पुंजी बुडाली आहे.

कॅश : पेटी आणि कासु

‘कॅश’ म्हणजे रोख रक्कम. हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. फ्रेंच भाषेतील ‘केस’ आणि इटालियन भाषेतील ‘कास्सा’ हे त्याचे पूर्वज. दोहोंचा अर्थ पेटी. त्यांच्याही मागे लॅटिन ‘काप्सा’ म्हणजे पेटी किंवा डबा आहे. आरंभी इंग्रजीतही ‘कॅश’ म्हणजे पैसे ठेवण्याची पेटीच होती. पुढे पेटीचे नाव पेटीतल्या पैशाला मिळाले आणि अठराव्या शतकापासून पेटीचा अर्थ मागे पडून रोकड हाच अर्थ उरला. मराठीतही ‘गल्ला’ म्हटले की दुकानदाराची पेटी आणि तीत जमलेली रक्कम असे दोन्ही अर्थ मनात येतात, तसाच हा प्रकार आहे.

सरफोजी महाराज स्वतः इंग्रजी उत्तम जाणत. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले होते आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाला त्यांनी देशोदेशीच्या ग्रंथांनी समृद्ध केले. त्या ग्रंथालयात डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांच्या विख्यात इंग्रजी कोशाची 1784 मधील आवृत्ती जतन केलेली आहे. जॉन्सन यांनी ‘कॅश’चे मूळ पेटी या अर्थाच्या फ्रेंच शब्दातच दाखवले आहे.

परंतु ग्रंथालयाबाहेर, तंजावरच्या बाजारपेठेत, लोकांच्या तोंडी एक दुसराच शब्द शतकानुशतके होता : ‘कासु’. तमिळ भाषेत कासु म्हणजे नाणे, आणि सैल अर्थाने पैसा. त्याचा संबंध संस्कृत ‘कर्ष’ या वजनाच्या मापाशी जोडला जातो. प्राचीन भारतातील ‘कार्षापण’ या नाण्याच्या नावातही हाच कर्ष आहे. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळ याने 1010 च्या सुमारास पूर्ण केले. त्याच्या भिंतींवरील शिलालेखांत कासूचे हिशेब कोरलेले आढळतात. देवाला अर्पण झालेली रक्कम आसपासच्या गावांच्या सभांकडे व्याजाने ठेवली जाई आणि त्या व्याजातून पूजाअर्चेचा खर्च भागे. व्याजाचा एक दर स्पष्ट दिलेला आहे : एका कासूवर वर्षाला एक अष्टमांश कासु, म्हणजे आजच्या भाषेत दरसाल दर शेकडा साडेबारा. मुद्दल, मुदत, व्याज आणि त्या व्याजाचा ठरलेला विनियोग या साऱ्या गोष्टी हजार वर्षांपूर्वी तेथे दगडावर नोंदवून ठेवलेल्या आहेत.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापारी या किनाऱ्यावर आले. तंजावरच्या पूर्वेला समुद्राकाठी असलेले नागपट्टणम हे त्यांचे एक ठाणे होते. तमिळ ‘कासु’ त्यांच्या कानी पडला आणि त्यांनी तो ‘काइशा’ असा उच्चारला. गंमत अशी की, पोर्तुगीज भाषेत काइशा हा शब्द आधीपासूनच होता आणि त्याचा अर्थ होता पेटी! लॅटिन पेटीचा वंशज आणि तमिळ नाण्याचे नाव अशा रीतीने एकाच रूपात येऊन मिळाले. पोर्तुगिजांकडून हा नाण्याचा शब्द इंग्रजांनी उचलला आणि त्यालाही ‘कॅश’ हेच लेखन मिळाले. चीनमधील मध्यभागी चौकोनी भोक असलेल्या तांब्याच्या नाण्यालाही इंग्रज ‘कॅश’ म्हणू लागले.

इंग्रजीतील रोकड या अर्थाचा ‘कॅश’ थेट तमिळ कासूपासून आला, असे पुष्कळदा अभिमानाने सांगितले जाते. कोशांचा निर्वाळा मात्र वेगळा आहे. काउंटरवरचा कॅश युरोपातील पेटीतून निघालेला आहे. नाण्याचा कॅश कावेरीकाठच्या कासूपासून आलेला आहे. अक्षरे एक, उच्चार एक, परंतु कुळे दोन.

एका नाण्यावर दोन लिप्या

या दुसऱ्या कॅशचा कारभार मोठा होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास इलाख्यात हिशेबाची पद्धत अशी होती : 80 कॅशचा एक फनम आणि 42 फनमांचा एक स्टार पगोडा, म्हणजे एका पगोड्याचे 3,360 कॅश. फनम म्हणजे मुळातला ‘पणम्’ आणि पगोडा म्हणजे मराठी बखरींतून परिचित असलेला ‘होन’. रुपया हे प्रमाण नाणे ठरेपर्यंत, म्हणजे 1818 पर्यंत, ही पद्धत तेथे चालली. शेजारच्या त्रावणकोर संस्थानात तर कॅश आणि चक्रम् ही नाणी 1949 पर्यंत व्यवहारात होती. सोळा कॅशचा एक चक्रम् आणि 28 चक्रम् म्हणजे एक रुपया, असे तेथील कोष्टक होते. चक्रम् हे नाव तंजावरच्या मराठी राज्याच्या हिशेबातही रुळलेले होते.

मद्रास इलाख्यासाठी 1803 आणि 1808 या सालांची तांब्याची नाणी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम येथील सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रावर पाडण्यात आली. ती घेऊन निघालेले ‘अ‍ॅडमिरल गार्डनर’ हे जहाज जानेवारी 1809 मध्ये इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळील गुडविन सँड्स या वाळूच्या पट्ट्यात बुडाले. सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, 1980 च्या दशकात, त्यातील नाणी मोठ्या संख्येने वर काढण्यात आली. त्यामुळे 1808 चे हे नाणे आजही संग्राहकांना सहज पाहावयास मिळते.

नाण्याची एक बाजू कंपनीच्या राजचिन्हाची आहे. दुसऱ्या बाजूवर इंग्रजीत रोमन अंकात वीस आणि पुढे ‘कॅश’ असे कोरलेले आहे. त्याच बाजूवर फारसी मजकूर असून त्याचा आशय ‘वीस कास म्हणजे चार फलूस’ असा आहे. फारसी लिहिणाऱ्याने पेटीचा कॅश न लिहिता तमिळ कासूला जवळचा ‘कास’ लिहिला. इंग्रजी लेखनाने ज्या दोन शब्दांमधील भेद पुसून टाकला होता, तो फारसी लेखनाने त्याच नाण्यावर जपून ठेवला.

बँकेतील सेवकवर्गासाठी या प्रकरणाची एक छोटी पुरवणी आहे. रोखपाल या अर्थाचा ‘कॅशिअर’ पेटीवाल्या कॅशपासून झाला. परंतु इंग्रजीत ‘कॅशिअर’ असे क्रियापदही आहे. त्याचा अर्थ अधिकाऱ्याला अपमानपूर्वक सेवेतून बडतर्फ करणे. ते रद्द करणे या अर्थाच्या निराळ्या लॅटिन मुळापासून फ्रेंच आणि डच मार्गाने आलेले आहे. लिहिताना दोन्ही अगदी सारखे. मात्र पहिला शब्द पद देतो आणि दुसरा ते काढून घेतो!

चिट : चिठ्ठी, सीट्टु आणि भिशी

‘चिट’ हा शब्द मराठी माणसाला परका वाटण्याचे कारणच नाही. इंग्रजीत अठराव्या शतकात तो ‘चिटी’चे संक्षिप्त रूप म्हणून आला आणि कोशकार त्याचे मूळ हिंदी-मराठी ‘चिठ्ठी’त दाखवतात. मराठेशाहीतील पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या ‘चिटणीस’ या पदनामात हीच चिठ्ठी आहे. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांनी ती उचलली आणि उधारीच्या कागदापासून नोकराच्या शिफारसपत्रापर्यंत सर्व प्रकारच्या चिटोऱ्यांना ते ‘चिट’ म्हणू लागले.

इंग्रजीत मात्र त्याच चार अक्षरांचा आणखी एक जुना शब्द होता. चौदाव्या शतकातील इंग्रजीत तो प्राण्याच्या पिल्लासाठी वापरला जाई आणि पुढे अल्लड, उद्धट पोरीला उद्देशून योजला जाऊ लागला. त्याचा चिठ्ठीशी काहीएक संबंध नाही. जुनी इंग्रजी कादंबरी वाचताना ‘चिट’ दिसली की ती पोरगी आहे की पावती, हे संदर्भावरून ठरवावे लागते.

तमिळनाडूत ‘सीट्टु’ म्हणजे चिठ्ठी, आणि ओळखीच्या लोकांनी मिळून चालवलेली बचतीची योजनाही. यालाच इंग्रजीत ‘चिट फंड’ म्हणतात. महाराष्ट्रातील भिशी तिची जवळची नातलग होय. नावाचे कारणही सरळ आहे : सभासदांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून या महिन्याची रक्कम कोणाला, हे ठरवण्याची रीत होती. पुढे चिठ्ठीबरोबर लिलावाचीही पद्धत रूढ झाली.

नोंदणीकृत चिट फंड कसा चालतो, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. वीस सभासदांनी दरमहा 5,000 रुपये याप्रमाणे वीस महिने भरावयाचे ठरवले, तर दरमहा एक लाख रुपये जमतात. एखाद्या महिन्यात पैशाची निकड असलेला सभासद लिलावात 15,000 रुपये सोडण्यास तयार झाला, तर त्याला 85,000 रुपये मिळतील. सोडलेल्या 15,000 मधून चिट चालवणाऱ्या ‘फोरमन’चे 5,000 रुपये मेहनताना वजा केले, तर उरलेले 10,000 वीस जणांत प्रत्येकी 500 याप्रमाणे वाटले जातील. साहजिकच प्रत्येकाला हप्त्यापोटी प्रत्यक्षात 4,500 रुपयेच द्यावे लागतील. ज्याने रक्कम आधी उचलली, त्याला उरलेले सर्व हप्ते भरावेच लागतात. त्याच्या दृष्टीने हे कर्ज झाले. जो अखेरपर्यंत थांबतो, त्याच्या दृष्टीने ती बचत झाली. अडलेल्याला पैसा मिळतो आणि थांबणाऱ्याला मोबदला, असे हे परस्पर साहाय्याचे सूत्र आहे.

या व्यवहाराचे नियमन चिट फंड अधिनियम, 1982 अन्वये होते. त्यासाठी राज्य शासनाची पूर्वमंजुरी आणि निबंधकाकडे नोंदणी आवश्यक असते. फोरमनच्या मेहनतान्याची कमाल मर्यादा 2019 च्या दुरुस्तीने पाच टक्क्यांवरून सात टक्के करण्यात आली.

एका शब्दाची बदनामी

येथवर चिट हा शब्द निर्मळ आहे. परंतु त्याच नावाचा आधार घेऊन निराळाच व्यवसाय उभा राहिला. ‘प्राइझ चिट’ या योजनेत पुष्कळ लोकांकडून पैसे गोळा करावयाचे, त्यातून सोडतीने काही भाग्यवंतांना बक्षिसे वाटावयाची आणि उरलेल्यांना मुदतीअखेर त्यांच्या पैशांतील सर्व किंवा काही भाग परत करावयाचा, असा प्रकार असे. परस्पर साहाय्याचा भाग त्यात उरला नव्हता. होता तो केवळ प्रलोभनाचा. संसदेने 1978 मध्ये प्राइझ चिट आणि पैशाच्या साखळी योजनांवर कायद्याने बंदी घातली. ‘चिट’ हा शब्द दोन्हीकडे आहे. एक कायद्याने नियमित केलेला व्यवहार, तर दुसरा कायद्याने निषिद्ध केलेला.

शब्दाच्या या साम्यामुळे किती गोंधळ होऊ शकतो, हे एप्रिल 2013 मध्ये पश्चिम बंगालमधील शारदा उद्योगसमूह कोसळला तेव्हा दिसले. वृत्तपत्रांतून आणि लोकांच्या बोलण्यातून त्याला सरसकट ‘चिट फंड घोटाळा’ म्हटले गेले. वस्तुतः तेथे सभासदांचा ठरावीक गट, दरमहाचा लिलाव आणि निबंधकाकडील नोंदणी यांतले काहीच नव्हते. लोकांकडून भरमसाट परताव्याच्या आश्वासनावर पैसे गोळा केले जात होते. फसवणुकीला एका जुन्या, ओळखीच्या शब्दाचे नाव चिकटले आणि नियमाने चालणाऱ्या चिट फंडांकडेही लोक संशयाने पाहू लागले. ज्यांनी त्या योजनांत पैसे गुंतवले होते त्यांत लहान कमाईची माणसे फार होती. बेकायदा ठेव योजनांना आळा घालणारा स्वतंत्र कायदा 2019 मध्ये झाला.

त्याच वर्षी चिट फंड अधिनियमात जी दुरुस्ती झाली, ती शब्दांच्या दृष्टीने फार बोलकी आहे. ‘डिव्हिडंड’ म्हणजे लाभांश हा शब्द काढून त्याजागी ‘सवलतीतील वाटा’ या अर्थाचा शब्दप्रयोग घालण्यात आला. कारण ती रक्कम कुठल्या नफ्यातून येत नाही, दुसऱ्या सभासदाने सोडलेल्या पैशातूनच येते. ‘प्राइझ’ म्हणजे बक्षिसाची रक्कम, या ऐवजी ‘निव्वळ चिट रक्कम’ असे म्हणावयाचे ठरले. कारण तेथे बक्षीस कोणालाच मिळत नसते. चिट फंडाला ‘फ्रॅटर्निटी फंड’, म्हणजे बंधुभावाचा निधी, हे पर्यायी नावही मान्य करण्यात आले. चुकीच्या शब्दाने चुकीची आशा निर्माण होते, हे येथे कायद्यानेच मान्य केले.

चॉप : छापाचा प्रवास

इंग्रजी शिकणाऱ्याला ‘चॉप’ म्हटले की कुऱ्हाडीने तोडणे किंवा ताटातील मांसाचा तुकडा आठवतो. परंतु व्यापाराच्या जगात ‘चॉप’ म्हणजे शिक्का. हा दुसरा चॉप भारतीय ‘छाप’ या शब्दापासून झालेला आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत भारतीय बंदरांत मालावर, परवान्यावर आणि जकातीच्या कागदावर छाप उमटवली जाई. इंग्रज व्यापाऱ्यांनी हा शब्द येथून चीनला नेला. कँटन बंदरातून जहाजाला निघण्याची परवानगी देणाऱ्या शिक्कामोर्तब झालेल्या कागदाला ते ‘ग्रँड चॉप’ म्हणत, तर उत्तम प्रतीच्या मालाला ‘फर्स्ट चॉप’. सिंगापूर, मलेशिया आणि हाँगकाँग येथील कार्यालयांत आजही कंपनीच्या शिक्क्याला ‘चॉप’ म्हणतात. तेथे नोकरी-व्यवसायासाठी गेलेल्या मराठी माणसाला एखाद्या कागदावर ‘चॉप’ करून आणावयास सांगितले, तर त्याने कात्री शोधू नये. आपल्याच घरचा छाप परदेशी वेषात भेटला आहे, एवढे ओळखावे. नाणे उडवताना आपण ‘छापा की काटा’ विचारतो, त्या छाप्याचाच हा सोयरा.

चेक : राजाला दिलेला शह

चौथा शब्द चेक. कायद्याच्या भाषेतील धनादेश. त्याचे कूळ तंजावरलाही नाही आणि इंग्लंडलाही नाही; ते इराणात आहे. फारसीत ‘शाह’ म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की प्रतिस्पर्धी ‘शाह’ अशी सूचना देई. हाच शब्द अरबी आणि जुन्या फ्रेंच भाषेतून इंग्रजीत ‘चेक’ झाला आणि मराठीत ‘शह’ झाला. राजाला अडवणे यावरून कोणालाही अडवणे, रोखणे, आणि त्यावरून तपासून पाहणे, अशी त्याच्या अर्थाची वाढ झाली. शहाजी या भोसले घराण्यातील नावातही हाच शाह आहे. तंजावरच्या गादीवर 1684 ते 1712 या काळात शहाजी राजे होते. म्हणजे त्यांचे नाव आणि आजचा चेक हे एकाच शब्दाचे दूरचे वंशज ठरतात.

पैशाच्या व्यवहारात ‘चेक’ अठराव्या शतकाच्या आरंभी दिसतो, तो स्थळप्रत या अर्थाने. मूळ कागद आणि स्थळप्रत जुळवून पाहिली की खोटेपणा उघडा पडे. तपासणीचे साधन म्हणून ती ‘चेक’. पुढे हे नाव मूळ कागदाला मिळाले. ब्रिटनमध्ये आणि भारतात त्याच्या अखेरीस जी वेगळी अक्षरे लिहितात, ती राजकोष या अर्थाच्या ‘एक्सचेकर’ या शब्दाच्या प्रभावाने आली. ‘एक्सचेकर’ हे नावही बुद्धिबळाच्या पटासारखी चौकटी असलेल्या, हिशेबाच्या मेजावरील कापडावरून पडलेले आहे. अमेरिकेत मात्र तपासणे आणि धनादेश या दोन्ही अर्थांनी ‘चेक’ एकाच तऱ्हेने लिहितात.

तपासणी हा चेकचा मूळ गुणधर्म काळाबरोबर विसरला गेला होता. तो आता नव्या रूपात परतला आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार 1 जानेवारी 2021 पासून 50,000 रुपये व त्यावरील चेकसाठी ‘पॉझिटिव्ह पे’ ही व्यवस्था सुरू झाली. ग्राहकाने चेकचा क्रमांक, दिनांक, रक्कम आणि पैसे घेणाऱ्याचे नाव बँकेला आधी कळवावयाचे आणि चेक वटवताना तो तपशील जुळवून पाहावयाचा. जुन्या स्थळप्रतीचे काम हेच होते. चेकबुकातील स्थळप्रत कोरी ठेवणाऱ्या ग्राहकाने या शब्दाचा जन्म आठवावा.

निधी म्हणजे ठेव

आता पुन्हा तिरुवैयारुकडे वळू. ‘निधि’ आणि ‘सन्निधि’ हे दोन शब्द अर्थाने दूर असले, तरी संस्कृतात त्यांचा धातू एकच आहे : ‘धा’, म्हणजे ठेवणे. जे जपून ठेवले जाते तो निधी. जवळ ठेवलेले असणे ही सन्निधी. कॅशच्या बाबतीत अक्षरे एक आणि कुळे दोन होती. येथे कूळ एक आणि अर्थ दोन आहेत. बँकेच्या व्यवहारातील ‘ठेव’ हा मराठी शब्द म्हणजे निधीचा अगदी सरळ अनुवाद होय.

तमिळनाडूत निधी हे एका प्रकारच्या वित्तसंस्थेचेही नाव आहे. चेन्नईतील मैलापूर हिंदू पर्मनंट फंड ही अशी जुनी संस्था 1872 मध्ये स्थापन झाली. निधी कंपनी केवळ आपल्या सभासदांकडून ठेवी घेते आणि सभासदांनाच कर्ज देते. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 406 मध्ये तिची तरतूद आहे. मात्र निधी कंपनीतील ठेव आणि बँकेतील ठेव या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. ठेव विमा व पत हमी महामंडळाचे संरक्षण बँकेतील ठेवींना असते आणि 4 फेब्रुवारी 2020 पासून त्याची मर्यादा प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे, मुद्दल व व्याज मिळून, पाच लाख रुपये आहे. निधी कंपनीला किंवा चिट फंडाला हे संरक्षण लाभत नाही. त्या संस्था वाईट असतात असा याचा अर्थ नव्हे. त्यांचा करार वेगळा असतो आणि तो समजून घेऊनच त्यात उतरावयाचे असते.

म्हणून कोणत्याही योजनेचे नाव कानी पडले की ग्राहकाने तीन प्रश्न अवश्य विचारावेत. या शब्दाचा या कागदावर नेमका अर्थ काय? ही योजना कोणत्या कायद्याखाली आणि कोणाकडे नोंदलेली आहे? आणि मिळणारा परतावा प्रत्यक्षात कोणाच्या खिशातून येणार आहे? काउंटरमागील सेवकांनीही हे प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकाला शंकेखोर समजू नये. साठीच्या आजीबाईंनी ‘चिट म्हणजे काय रे बाबा?’ असे विचारले, तर त्या एका प्रश्नात त्यांची आयुष्याची बचत सुरक्षित राखण्याची शक्ती असते. त्याला दिलेले दोन मिनिटांचे उत्तर ही बँकेची उत्तम सेवा होय.

त्यागराजांनी दोन सारख्या शब्दांमधील भेद ओळखला आणि स्वतःच्या मनाला विचारून निवड केली. संसारी माणसाला निधी नाकारता येत नाही. त्याने तो नाकारूही नये. मात्र तो कोणाच्या सन्निध ठेवावयाचा, हे त्याने विचारपूर्वक ठरवावे.